एका घरातले आठ शब्द

(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात दिलेले भाषण)



दहावी-बारावीच्या मुलांना इंग्रजीविषयी चार शब्द सांगा, असा कार्यकर्त्यांनी आग्रह धरला. मी इंग्रजीचा पंडित नाही. उलट याच विषयात शाळेत दोनदा नापास झालेला माणूस आहे. तेव्हा पुढे ठेच लागलेल्याने मागच्याला सावध करावे, तसे माझे हे बोलणे समजा.

मी पहिल्या नोकरीसाठी अर्ज लिहिला, तेव्हा त्यात 'मला इंग्रजी लिहिता-वाचता येते' असे वाक्य इंग्रजीतून घातले. 'लिहिणे' या अर्थाचा 'राइट' हा शब्द डब्ल्यू-आर-आय-टी-ई असा लिहायचा असतो. मी लिहिला आर-आय-जी-एच-टी. अर्ज घेणाऱ्या बाबूने तो शेजारच्या टेबलावर दाखवला आणि दोघेही हसले. मला लिहिता येते हे सांगणारा शब्दच मला लिहिता आला नव्हता! नोकरी मिळाली नाही त्याचे दुःख ओसरले, पण ते हसणे पुष्कळ वर्षे कानात राहिले.

त्या रात्री मी वही उघडली आणि चुकलेल्या शब्दासारखेच दिसणारे, तेवढ्याच लांबीचे शब्द शोधून एकाखाली एक लिहिले. प्रत्येकात पाच अक्षरे, आणि शेवटची चार तीच: आय-जी-एच-टी. नेहमीच्या वापरातले असे आठ शब्द सापडले. आपणही लिहून घ्या.

एफ लावला की फाइट : लढणे, लढा.
एल लावला की लाइट : प्रकाश, दिवा, तसेच वजनाने हलका.
एम लावला की माइट : बळ, सामर्थ्य, तसेच शक्यता दाखवणारे सहायक क्रियापद.
एन लावला की नाइट : रात्र.
आर लावला की राइट : उजवा, बरोबर, आणि हक्क.
एस लावला की साइट : दृष्टी, डोळ्यांपुढचे दृश्य.
टी लावला की टाइट : घट्ट, आवळलेला.
ई लावला की एट : आठ.

शेवटचा शब्द पाहा. अक्षरे तीच, पण पुढे ई येताच उच्चार बदलला. घरातले एखादे मूल वेगळ्या स्वभावाचे निघते, तसा हा शब्द! आता हिशेब करा. आठ शब्द सुटे पाठ केले तर चाळीस अक्षरे लक्षात ठेवावी लागतात. कुटुंब म्हणून पाठ केले तर शेवटची चार आणि सुरुवातीची आठ, म्हणजे फक्त बारा.

विद्यार्थी विचारतात, "सर, उच्चारात जी आणि एच नाहीतच, मग लिहायचे कशाला?" प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की, एके काळी ते बोलले जात होते. जुन्या इंग्रजीत या शब्दांत 'ख'च्या जवळचा, घशातून घासून येणारा आवाज होता. तोच आवाज पुढे लेखनिक जी-एच या जोडीने दाखवू लागले. 1476 साली विल्यम कॅक्स्टन याने इंग्लंडमध्ये छापखाना सुरू केला आणि हळूहळू स्पेलिंगे पक्की होत गेली. लोकांच्या तोंडून तो आवाज निघून गेला, कागदावर मात्र त्याची खूण राहिली. इंग्रजीची सख्खी बहीण असलेल्या जर्मन भाषेत तो आवाज आजही आहे. तेथे रात्रीला 'नाख्ट' आणि आठला 'आख्ट' म्हणतात. म्हणजे जी-एच ही कोणी तुम्हाला नापास करण्यासाठी घातलेली अक्षरे नाहीत. तो शब्दाचा जुना इतिहास आहे.

याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. सर विल्यम जोन्स यांनी 1786 साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत भाषण करून संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांचे मूळ एकच असावे, असे मांडले. इंग्रजीही याच कुळातली. म्हणून 'एट' म्हणजे संस्कृतातला 'अष्ट', पालीतला 'अट्ठ' आणि आपला 'आठ' यांचाच नातलग. 'नाइट'चा नातलग संस्कृतातला 'नक्तम्', म्हणजे रात्री. हलका या अर्थाच्या 'लाइट'चा नातलग आपला 'लघु', पालीत 'लहु'. आणि 'राइट' म्हणजे सरळ, बरोबर. त्याचा नातलग 'ऋजु', पालीत 'उजु'. ज्या भाषेला आपण परकी म्हणून भितो, तिच्या घरात आपल्याच नात्यातली माणसे बसली आहेत!

मात्र एक सावधगिरी बाळगा. अक्षरे सारखी असलेले शब्द एका कुटुंबात ठेवा; परंतु नुसता आवाज सारखा म्हणून फसू नका. साइट म्हणजे दृष्टी, पण एस-आय-टी-ई असे लिहिले की तीच साइट जागा होते, जसे बांधकामाची साइट. नाइट म्हणजे रात्र, पण पुढे के लावला की तो जुन्या काळचा सरदार होतो. के उच्चारात येत नाही. माझा 'राइट' असाच फसला होता. म्हणून स्पेलिंग अर्थासह पाठ करा. अर्थाविना पाठ केलेले स्पेलिंग म्हणजे पत्ता नसलेले पाकीट; ते कुठेच पोचत नाही.

शेवटी करायच्या गोष्टी सांगतो. एक, शब्दकुटुंबांची वेगळी वही घाला. एका पानावर एकच कुटुंब. दोन, प्रत्येक शब्दापुढे मराठी अर्थ आणि स्वतः बनवलेले एक छोटे वाक्य लिहा. गाइडातले उतरवू नका. तीन, मोठ्याने वाचा. घरात धाकटे भावंड असेल तर त्याला शिकवा. जो शिकवतो त्याचे पक्के होते. पालकांनाही विनंती की, आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून संकोचू नका. वही हातात धरून "यातला चौथा शब्द सांग" एवढे विचारायला इंग्रजी लागत नाही.

मित्रहो, स्पेलिंग चुकणे हा गुन्हा नाही. चुकले म्हणून तो विषयच सोडून देणे, यात खरे नुकसान आहे. माझ्यावर दोन माणसे हसली, त्या दिवशी मी वही मिटून टाकली असती, तर आज आपल्यापुढे उभा राहिलो नसतो. राइट या शब्दाचा एक अर्थ हक्क असा आहे. तो मागण्याचा अर्ज आपल्याला आपल्या हाताने, बिनचूक लिहिता आला पाहिजे. आज रात्री घरी जाऊन हे आठ शब्द न पाहता लिहून काढा, एवढेच माझे मागणे आहे.