इंजिनाची खरी ओळख

श्रोतेहो, कविता करणाऱ्या माणसाने इंजिनावर बोलावं, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण कोकण किनाऱ्यावर पावसाळी मासेमारीबंदी लागली, होड्या शाकारल्या, की घरोघरी चर्चा इंजिनाचीच. माझे मामू तांडेल होते. त्यांच्या ओटीवर वृत्त आणि यमक यांच्या आधी बेअरिंग आणि गॅस्केट हे शब्द माझ्या कानावर पडले.

नव्या इंजिनाचं सोपं असतं. जुन्याची कागदपत्रं केव्हाच गहाळ झालेली, मालक दोन-तीनदा बदललेले. मग सुटा भाग मागायचा कोणत्या नावाने? ‘अमक्या कंपनीचं, सहा सिलिंडरचं’ एवढ्यावर दुकानदार वस्तू देतो. ती बसेलच असं नाही. इंजिनावरच्या पत्र्याच्या पट्टीवरही भिस्त ठेवू नये, ती दुसऱ्या इंजिनाची असू शकते. ब्लॉकवर ठोकलेला क्रमांक पाहावा. ओतकामात उठून आलेले आकडे वेगळे, ते साच्याचे. ठोकलेला क्रमांक खोलगट असतो आणि बहुधा रंगाच्या थरांखाली दडलेला. थिनरच्या फडक्याने रंग काढावा, वर खडू घासून भुकटी पुसावी. बुजलेले आकडे पांढरे उमटतात.

आपल्याकडच्या पुष्कळ होड्यांतलं डिझेल इंजिन म्हणजे ट्रकच्या इंजिनाचं सख्खं भावंड. त्यामुळे पिस्टन, रिंगा, फिल्टर पुष्कळदा ट्रकच्या दुकानात मिळतात. क्रमांक ताडून खुशाल घ्यावेत. मात्र खारं पाणी ज्याला शिवतं, तिथे ही काटकसर चालत नाही. तिथला पंप ब्राँझचाच हवा. जस्ताची कांडीही वेळेवर बदलायला हवी, कारण ती स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवते. बुडाखालच्या जस्तावर हौसेने रंग फासणारे महाभागही मी पाहिले आहेत!

आणि काढलेला जुना भाग लगेच भंगारात देऊ नका. बेअरिंगच्या पाठीवर ०.२५ किंवा ०.५० असं कोरलेलं दिसलं, तर क्रँकशाफ्ट पूर्वी तेवढ्या मिलिमीटरने घासून घेतलेला आहे. जुन्या विलायती इंजिनांत हाच हिशेब इंचाच्या हजाराव्या भागात, म्हणजे १० किंवा २० असा असतो. कुणा अनोळखी मेस्त्रीने केलेल्या दुरुस्तीची बहुधा एवढीच नोंद मागे उरते. ती न वाचता मूळ मापाची बेअरिंग घातली, तर फट राहते, तेलाचा दाब पडतो आणि इंजिन ठोकू लागतं.

पंपातल्या रबरी इंपेलरचंही तसंच. तुटका काढून नवा घातला, की काम संपलं असं पुष्कळांना वाटतं. जुन्याची पाती मोजा. दोन कमी भरली, तर ते तुकडे पुढे हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकलेले असतात. ते शोधून काढले नाहीत, तर नवा पंप असूनही इंजिन तापणार, आणि नेमकं खाडीच्या मुखाशी, लाटा फुटतात तिथे. इंजिन बंद, होडी आडवी, बाजूला खडक. आत सहा-सात खलाशी असतात, श्रोतेहो.

शेवटचं काम होडी पाण्यात गेल्यावरचं. जमिनीवर टेकलेल्या होडीचा आकार पाण्यात किंचित बदलतो. म्हणून इंजिन आणि पंख्याचा शाफ्ट यांचा जोड किनाऱ्यावर नुसता जुळवून ठेवायचा. एक दिवस होडी तरंगू द्यायची. मग पातळ पट्टीने चारी बाजूंची फट मोजून, ती सारखी भरली, की बोल्ट आवळायचे.