पाच वर्षे कुठून मोजायची?



आपण विधानसभेला नोव्हेंबरात मत देतो आणि पाच-सहा महिन्यांत लोकसभेसाठी पुन्हा रांगेत उभे राहतो. असे का?

घटनेच्या १७२ व्या कलमाप्रमाणे विधानसभेची पाच वर्षे पहिल्या बैठकीपासून मोजतात. आता आपलीच गंमत पाहा. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड झाले, पण निवडणूक झालीच नाही! १९९८ साली मध्य प्रदेशासाठी निवडून आलेल्या ३२० आमदारांपैकी इकडचे ९० जण नव्या विधानसभेत बसले. त्यांना नवी पाच वर्षे मिळाली का? नाही. पुनर्रचना कायद्याने मुदत जुन्या विधानसभेपासूनच धरली. म्हणून २००३ च्या अखेरीस आपण मतदान केले आणि तोच हंगाम २०२३ पर्यंत टिकला.

आपल्या भावंडांच्या महाराष्ट्रात उलट घडले. तिथली मुदत मार्च २००० पर्यंत होती. पण एप्रिल १९९९ मध्ये वाजपेयी सरकार एका मताने पडले, आणि युती सरकारने लोकसभेबरोबरच निवडणूक व्हावी म्हणून विधानसभा आधीच विसर्जित केली. सत्ता तर गेलीच. पुढे २००४ मध्ये लोकसभा लवकर विसर्जित होऊन उन्हाळ्यात गेली, महाराष्ट्र मात्र दिवाळीच्या आसपासच राहिला.

डिसेंबर २०२४ मध्ये एकत्र निवडणुकांचे विधेयक लोकसभेत मांडले गेले. त्यात मध्येच मोडलेल्या विधानसभेच्या जागी येणाऱ्या नव्या सभागृहाला फक्त उरलेली मुदत मिळेल. खर्च वाचेल, खरे; पण पूर्ण मत देऊन अर्धी मुदत घेणे मला पटत नाही. ज्यांना पटते त्यांनी आरतीनंतर थांबावे, चहा घेत बोलू.