शेवटच्या लोकलपासून उलट मोजा



 आज पदवी हाती घेतलेल्या तुमच्यातले बरेच जण उद्या नाटकं, मैफली, संमेलनं, शोभायात्रा यांच्या पडद्यामागे काम करणार आहेत. म्हणून त्या कामातल्या एकाच गोष्टीबद्दल बोलतो. कोण कधी येणार, कधी जाणार आणि मधे झोपणार कधी, हे किती आधी ठरवायचं?

हे बोलायला ठाकुर्लीसारखी दुसरी जागा नाही. रेल्वेचं चोळा पॉवरहाऊस आणि रेल्वेची वसाहत यांच्या पाळ्यांवर हे गाव वाढलं. घरात कुणी रात्रपाळी करून आलेलं असलं की दुपारी मुलांनी आवाज करायचा नाही, हे इथे शिकवावं लागत नसे. मोटरमनच्या कामाच्या तासांना आणि विश्रांतीला रेल्वेत नियम आहेत. पण शिडीवर चढून बॅटनला दिवे बांधणाऱ्याच्या आणि मध्यरात्री सेटचा टेम्पो हाकणाऱ्याच्या झोपेचा हिशेब कोण ठेवतं? वेळापत्रक ज्याच्या हातात, त्यानेच तो ठेवायचा असतो. उद्या ते तुमच्या हातात येईल.

एक उदाहरण घेऊ. रविवारी दुपारी चारला ठाण्यात गडकरी रंगायतनला प्रयोग आणि त्याच रात्री साडेआठला डोंबिवलीत सावित्रीबाई फुले कलामंदिरात दुसरा. कागदावर दोन ओळी, दोन्हीकडे तिकीटविक्री चांगली, निर्माता खूश. आता मोजा. दोन अंकी नाटक मध्यंतरासकट पावणेसातला संपलं. सेट सोडवून टेम्पोत भरेपर्यंत पावणेआठ. शिळफाट्यावरून डोंबिवली गाठायला तास धरला तर पावणेनऊ, म्हणजे प्रेक्षक खुर्चीत बसलेले आणि सेट अजून दाराबाहेर. पुढे सेट लावणं, दिव्यांचं फोकसिंग, माइक तपासणं, कपड्यांना इस्त्री. तिसरी घंटा साडेदहाच्या आत होत नाही.

महिनाभर आधी हे लक्षात आलं तर उपाय आहेत. दुसरा सेट करून घेता येतो, डोंबिवलीसाठी वेगळी तुकडी ठरवता येते, नेपथ्य सुटसुटीत करता येतं, नाहीतर एक तारीख सोडून देता येते. शुक्रवारी लक्षात आलं तर एकच उपाय उरतो, त्याच पाच-सहा माणसांना पळवायचं. आणि ती पळतातही, कारण त्यांची नाईट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, त्यावर असते. त्यांचं हे पळणं आपण कौतुकाने सांगतो. मला त्यात कौतुक दिसत नाही. आधी न केलेल्या विचाराची किंमत ती माणसं अंगावर घेत असतात.

बरं, रात्रीचा प्रयोग वेळेवर सुरू होऊन सव्वाअकराला संपला तरी त्यांचा दिवस संपत नाही. टेम्पो भरेपर्यंत साडेबारा-एक. नाट्यगृह एमआयडीसीच्या बाजूला, स्टेशन लांब, रिक्षा मिळेल न मिळेल. कुणाला बदलापूरला जायचंय, कुणाला टिटवाळ्याला. शेवटची गाडी चुकली तर फलाटावर पहाट. आणि सोमवारी सकाळी सेट दुसऱ्या गावी लागायचा असेल तर? म्हणून वेळापत्रक शेवटून लिहायला घ्या. शेवटचा माणूस घरी किती वाजता पोचेल ही पहिली नोंद, तिथून मागे मागे येत पडदा उघडण्याची वेळ.

अवघड वाटत असेल तर आपल्या कल्याणच्या पत्रीपुलाकडे बघा. १९१४ सालचा तो जुना पूल १८ नोव्हेंबर २०१८ रोजी काढला, तेव्हा रेल्वेने सुमारे सहा तासांचा ब्लॉक घेतला होता. रूळ मोकळे मिळणार ते तेवढेच तास. क्रेन कुठे उभी राहणार, कापणारे कधी चढणार, प्रवाशांसाठी बस कुठून सुटणार, हे त्या रविवारी ठरवून चालणारच नव्हतं.

काही मर्यादा कायदा घालून देतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद केले. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं. पं. भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव कधीकाळी रात्रभर रंगायचा. या नियमांमुळे त्यालाही आपली घडी बदलावी लागली. रात्रीचे राग मागे पडल्याची हळहळ रसिकांना आहे, मलाही आहे. पण नव्या वेळेत कार्यक्रम बसवला आणि महोत्सव टिकला.

आणि वेळ ठरवणं ही नुसती सोयीची बाब नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा भर उन्हात दुपारपर्यंत चालला. लाखो लोक उघड्यावर बसले होते. उष्माघाताच्या त्या दुर्घटनेत १४ जण गेले. एप्रिलमध्ये कोकणपट्टीत दुपारी ऊन किती असतं, हे कुणाला ठाऊक नसतं? सोहळा सकाळी घ्यायचा की संध्याकाळी, सावली किती, पाणी किती अंतरावर, याचा निर्णय मांडव पडण्याच्या कितीतरी आधी व्हायला हवा. नंतर आयोजकाच्या हातात फारसं काही राहत नाही.

याउलट, आपल्या डोंबिवलीची गुढीपाडव्याची स्वागतयात्रा आठवा. श्री गणेश मंदिर संस्थानने १९९९ मध्ये ती सुरू केली आणि पुढे गावोगावी तशा यात्रा निघू लागल्या. फडके रोडवर आपल्याला दिसतात ढोल, लेझीम, चित्ररथ. मला मात्र रस्ता अडवणारा आणि सोडणारा स्वयंसेवक दिसतो, पाणी घेऊन उभी असलेली मुलगी दिसते. कुणीतरी आधी बसून त्यांच्या जागा नेमून दिलेल्या असतात.

तुम्हाला पहिली नोकरी लागेल, तेव्हा वरिष्ठ म्हणतील, ‘बघू, होईल, आपली माणसं आहेत.’ त्या वेळी गप्प बसू नका. नम्रपणे कागद पुढे करा आणि तास मोजून दाखवा. जादा तुकडीचे पैसे अंदाजपत्रकातच मागून घ्या. प्रयोगाच्या दिवशी ते कुणी देत नाही. कामगारांची नावं, त्यांची स्टेशनं आणि शेवटच्या गाड्या तुमच्या पहिल्याच तक्त्यात लिहा. जेवणाची सुट्टी लिहा, आणि दोन दिवसांच्या मधली रात्र त्यांच्यासाठी मोकळी ठेवा.