थायलंडच्या झणझणीत नूडल्स, घरच्या कढईत

‘पॅड की माओ’ हा थायलंडमधला झणझणीत नूडल्सचा प्रकार. त्याला तांदळाच्या रुंद, चपट्या नूडल्स लागतात. सुक्या नूडल्स कोमट पाण्यात भिजवा आणि लवचिक झाल्या, पण आतून किंचित घट्ट राहिल्या, की निथळून घ्या. जास्त भिजल्या तर लगदा होतो.

दोघांसाठी सहा लसूणपाकळ्या आणि चार तिखट मिरच्या खलबत्त्यात जाडसर कुटा. दोन चमचे सोया सॉस, प्रत्येकी एक चमचा ऑयस्टर सॉस आणि फिश सॉस, अर्धा चमचा साखर वाटीत कालवून ठेवा. पुढचं काम काही मिनिटांचंच असतं.

लोखंडी कढई चांगली तापवा. तेलात लसूण-मिरची परता, कोळंबी शिजवा, मग नूडल्स आणि सॉस घालून मोठ्या आचेवर हलवा. कढई गच्च भरू नका. ती थंड पडली की नूडल्स परतल्या न जाता वाफेवर शिजून चिकटतात.

गॅस बंद करताना मूठभर ‘कफ्राव’ घाला. ही वनस्पती म्हणजे आपली तुळसच. तिच्याशिवाय खरा स्वाद येत नाही. शाकाहारी मंडळींनी कोळंबीऐवजी टोफू वापरावा, ऑयस्टर आणि फिश सॉस वगळून सोया सॉस वाढवावा. नूडल्स कढईतून थेट ताटात वाढा आणि गरमच खा.