घरच्या संगणकाची देवडी



संगणक आज मध्यमवर्गीय घरांत कपाटाइतकाच रूढ झाला आहे, व कपाटापेक्षां त्यांत अधिक मौल्यवान वस्तु असतात. निवृत्तिवेतनाचें खातें, विम्याचे कागद, मुलांचे दाखले, लग्नकार्यांचीं छायाचित्रें, सर्व कांहीं त्याच्या पोटांत. तेव्हां त्याच्या रक्षणाकरितां विनामूल्य फायरवॉल कोणती घ्यावी, हा प्रश्न गृहस्थास पडावा यांत नवल नाहीं.

जुन्या वाड्याच्या दिंडीदरवाजाशीं देवडी असे, आणि तेथील पहारेकरी आंत येणारास हटकी. फायरवॉलचें कार्य हेंच होय. संगणकास बाहेरच्या जगाशीं बोलण्यासाठीं ६५ हजारांहून अधिक क्रमांकित द्वारें असतात; त्यांस पोर्ट म्हणतात. कोणतें द्वार कोणास उघडावयाचें, हें फायरवॉल ठरविते.

पहारा नसला म्हणजे काय होतें, तें ऑगस्ट २००३ मध्यें जगानें पाहिलें. ब्लास्टर नांवाचा एक उपद्रवी प्रोग्राम विंडोज एक्सपी व विंडोज २००० यांवर चालणाऱ्या असंख्य संगणकांत १३५ क्रमांकाच्या द्वारानें शिरला. कोणीं संशयास्पद पत्र उघडलें नव्हतें, कीं कोठें बोट लावलें नव्हतें. संगणक इंटरनेटला जोडलेला असणें एवढेंच पुरेसें होतें. मौज अशी कीं, एक्सपीमध्यें फायरवॉल २००१ पासूनच होती, पण ती बंद स्थितींत दिली जात असे! पहारेकरी नेमलेला, पण निजलेला. ऑगस्ट २००४ मध्यें सर्व्हिस पॅक २ आला, आणि तेव्हांपासून ती मुळांतच चालू असते.

म्हणून माझें मत असें कीं, बाहेरून येणारांपुरतें पाहिलें तर विंडोजची अंगचीच फायरवॉल बहुतेक घरांस पुरते. शिवाय ब्रॉडबँडचा राउटर हा दुसरा अडसर असतोच. न बोलावलेला पाहुणा सहसा तेथूनच परततो. मात्र रेल्वे स्थानकावर किंवा हॉटेलांत वायफाय घेतांना हा अडसर घरींच राहतो. तेथें 'पब्लिक नेटवर्क' हाच पर्याय निवडावा.

खरी निवड आहे ती आंतून बाहेर जाणारांच्या बाबतींत. विंडोजची फायरवॉल बाहेर जाणारास सहसा अडवीत नाहीं. घरांत शिरलेला भामटा गांठोडें घेऊन निघाला, तर देवडीवाला त्यास रामराम करून वाट देतो! ज्यास हें खटकतें त्यानें तिला जोडीदार शोधावा. या जोडीदारांत दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार प्रत्येक नव्या प्रोग्रामगणिक विचारतो : यास जाऊं द्यावें काय? कल्पना उत्तम, परंतु प्रश्नांची भाषा अशी कीं, घरांतील माणसें चार दिवसांत ती न वाचतांच 'होय' म्हणूं लागतात. 'समजलें काय?' असें विचारल्यावर वर्गांत उमटणारा सामुदायिक होकार मीं पुष्कळ वर्षें ऐकला आहे; त्याची किंमत मला ठाऊक आहे. दुसरा प्रकार विचारीत बसत नाहीं. आपण परवानगी दिलेल्यांस सोडतो, इतरांस मुकाट्यानें अडवितो. टायनीवॉल ही अशी आहे. ती विनामूल्य आहे, तिच्यांत जाहिराती नाहींत, आणि ती विंडोजच्याच यंत्रणेवर चालते. आरंभीं नित्याच्या प्रोग्रामांस परवानगी देण्याचा त्रास पडतो, व नवा प्रोग्राम चालेनासा झाला तर तो येथें अडला असेल हें ध्यानांत ठेवावें लागतें. तरी सर्वसाधारण घरास मी हीच सुचवीन. मॅकसाठीं लुलू आहे, ती पहिल्या प्रकारची. उबुंटूमध्यें यूएफडब्ल्यू असतेच, पण ती आपण चालू करावी लागते.

'फ्री' या इंग्रजी शब्दाचे अर्थ दोन : फुकट आणि मुक्त. १९८५ मध्यें रिचर्ड स्टॉलमन यांनीं फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था स्थापिली, ती दुसऱ्या अर्थाच्या पुरस्कारासाठीं. मुक्त प्रोग्रामची घडण जाणत्यांस वाचून तपासतां येते. लुलू व यूएफडब्ल्यू अशा आहेत. नुसत्या फुकट वस्तूंत कांहीं प्रामाणिक असतात, कांहीं मात्र उतरवून घेतांना आधींच खूण केलेल्या चौकटींतून भलतेंच कांहीं संगणकांत घालतात. म्हणून प्रत्येक पान वाचावें, आणि प्रोग्राम कर्त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. दोन स्वतंत्र फायरवॉली एकत्र नांदवूं नयेत. त्यांचें भांडण होतें व आपलें काम अडतें.

आतां एक गोष्ट स्पष्ट सांगतों. दूरध्वनीवरून कोणी 'बँकेंतून बोलतों' म्हणून सांगावें, आपल्याकडून दूरनियंत्रणाचा प्रोग्राम घालून घ्यावा, आणि गुप्त क्रमांक विचारावा, या ठकबाजीपुढें कोणतीही फायरवॉल सहसा निरुपयोगी ठरते. कारण दार मालकानेंच उघडलेलें असतें. असा दूरध्वनी तत्काळ ठेवून द्यावा. पैसे गेलेच, तर क्षणाचाही विलंब न करतां १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावें.

विंडोज १० ची नेहमीची डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली. ज्यांनीं पुढील दुरुस्तीची वेगळी सोय केलेली नाहीं, त्यांच्या भिंतीस नवी चीर पडली तर ती बुजविणारा कोणी नाहीं. त्यांनीं फायरवॉलआधीं त्याचा विचार करावा. इतरांनीं 'विंडोज सिक्युरिटी' उघडून 'फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन' येथें पाहावें. डोमेन, प्रायव्हेट व पब्लिक अशा तीन ओळी दिसतील. त्या तिन्ही चालू आहेत अशी खात्री झाल्यावरच टायनीवॉलकडे वळावें.