काही बोलले नाहीत, म्हणजे आवडलं का?

आम्ही मेहकर-लोणार रस्त्यावर खानावळ चालवणाऱ्या बचत गटाच्या बायका बोलतोय. गटात आम्ही दहा जणी. सहा जणी खानावळीत राबतो आणि चौघी घरूनच मसाला, पापड, सांडगे करून देतात. रेडिओच्या ताई म्हणाल्या, ‘गिऱ्हाईक तुमच्या जेवणाची काय वाहवा करतं आणि काय नावं ठेवतं, ते एकदा सांगा.’ आम्ही म्हटलं, सांगतो, पण दोन्ही सांगू. नुसती वाहवा सांगायची असती तर बोलणं दोन मिनिटांत संपलं असतं.

आमच्याकडे गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं. एक रोजचं : शाळेचे सर, बँकेतले लोक, बाजाराला आलेले शेतकरी, महिन्याचे पैसे भरून जेवणारे एकटे लोक. दुसरं वाटसरू. डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला, तेव्हापासून मेहकरला उतरून लोणारचं सरोवर बघायला जाणाऱ्या गाड्या आमच्या दारावरून जातात. त्यातल्या काही थांबतात.

वाटसरू तोंड भरून बोलतो. ठेचा काय झणझणीत, वांग्याची भाजी अगदी घरच्यासारखी, कळण्याची भाकर आम्ही पहिल्यांदा खाल्ली! फोटो काढतो, ‘सगळ्या बायका मिळून चालवता? शाब्बास!’ म्हणतो आणि निघून जातो. आम्हाला बरं वाटायचं. रोजचं गिऱ्हाईक मात्र काहीच बोलत नसे. जेवायचं, हात धुवायचा, निघायचं. आम्ही समजायचो, काही बोलत नाहीत म्हणजे आवडतंय.

हा हिशोब आमचा घरातला होता, मैत्रिणींनो. घरी ताटावर कोणी म्हणतं का, ‘आज भाजी छान झाली’? मीठ कमी पडलं की लगेच आवाज येतो. चांगलं झालं की सगळे गप. म्हणून आपल्या डोक्यात पक्कं बसलंय की गप म्हणजे पसंत. पण घरचा माणूस रुसला तरी रात्री त्याच चुलीपाशी येतो. गिऱ्हाईक रुसलं की पुढच्या दारात जातं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

आमचं तसंच झालं. महिनेवारीचे सात जण होते. एक गेला, मग दुसरा गेला. आम्हाला वाटलं बदली झाली असेल, गावाला गेले असतील. दोन महिन्यांत सातातले तीनच उरले. जागेचं भाडं आम्ही महिनेवारीच्या पैशांतून काढायचो. ते निघेना. त्या दोन महिन्यांचा बँकेचा हप्ता आम्ही गटाच्या बचतीतून भरला. ती बचत कोणाच्या मुलीच्या फीची होती, कोणाच्या बियाण्याची होती.

गेलेल्यांत एक काका होते, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. घरी एकटेच असतात. आमच्यातली एक त्यांना आठवडी बाजारात भेटली. तिने सरळ विचारलं, ‘काका, काहून येत नाही तुम्ही? आमचं काही चुकलं का?’ आधी ते टाळत होते. मग म्हणाले, ‘मी दोन वाजता येतो. साडेअकराला तुमच्याकडे जी भाकर मिळते, ती दोनला मिळत नाही. माझे दात राहिले नाहीत, बाई. चावत नाही.’ तिने विचारलं, ‘मग बोलले का नाही?’ ते म्हणाले, ‘तुम्ही बायका इतकी मेहनत करता. तुमचं मन कशाला दुखवू?’

हे ऐकून आम्हाला भांडणापेक्षा जास्त लागलं. माणूस आमची कीव करून गप राहिला, आणि कीव करूनच दुसरीकडे जेवायला गेला. ‘बायकांची खानावळ’ हे ऐकून लोक कौतुक करतात, ते एकदा. दुसऱ्यांदा येतात ते भाकर मऊ असेल तरच.

चूक काय होती ते सांगतो. आमच्यातल्या सगळ्यांत मोठ्या मावशी सकाळी सातला बसायच्या आणि अकरापर्यंत पन्नास भाकरी थापून दुरडीत फडक्याखाली ठेवून मोकळ्या व्हायच्या. त्यांना घरी परतायची घाई, आम्हाला गॅस वाचवायची घाई. ज्वारीची भाकर तव्यावरून उतरली की तासाभरात तिचा मऊपणा जायला लागतो. दोन वाजेपर्यंत कडा कडक आणि मधला भाग चिवट. आम्ही स्वतः चार वाजता जेवायचो, पोटात आग पडलेली असायची, भाकर कशी आहे हे कळायचंच नाही.

मावशींना हे सांगायचं कोणी? त्यांना सांगितलं तेव्हा त्या उसळल्या. ‘चाळीस वर्षं झाली भाकर थापते. कोणी नाव नाही ठेवलं माझ्या हाताला.’ दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आम्ही त्यांना दोन वाजता टेबलावर बसवलं, गिऱ्हाइकासारखं ताट वाढलं, दुरडीतली भाकर वाढली. त्यांनी तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला, बराच वेळ चावत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘तवा ठेवा. दुपारची भाकर दुपारीच होईल.’

तेव्हापासून मावशी दहाला येतात. दुसरी एक जण सकाळच्या वीस भाकरी करते. बाराच्या पुढे माणूस बसला की भाकर तव्यावर पडते. पीठ थोडं थोडंच मळायचं, कारण ज्वारीचं मळलेलं पीठ पडून राहिलं की भाकर थापताना चिरते. गॅस थोडा जास्त जातो. पण आधी उरलेल्या भाकरी जनावरांपुढे जायच्या, ते ज्वारीचं पीठ आता वाचतं.

काकांना आम्ही बोलावून आणलं. ते जेवले. उठताना म्हणाले, ‘भाकर बरोबर आहे. भाजीत मीठ जास्त झालंय.’ आम्ही सगळ्या हसलो. वर्षभरात ते पहिल्यांदाच आम्हाला मोकळेपणी बोलले होते. बाकीच्या गेलेल्यांपैकी दोघे परत आले नाहीत, हेही सांगायला हवं.

त्यानंतर आम्ही एक वही केली. तिच्यात दोनच रकाने, ‘आवडलं’ आणि ‘खटकलं’. पण गिऱ्हाइकाला ‘जेवण कसं होतं?’ असं विचारलं की तो ‘छान’ म्हणतो. म्हणून पैसे घेताना आम्ही विचारतो, ‘आज काय कमी पडलं?’ मग माणूस थांबतो, आठवतो आणि खरं सांगतो. ज्या जणींना लिहिता येत नाही, त्या गल्ल्यावरच्या मुलीला सांगतात, ती लिहून घेते.

दुसरं, परत आलेली ताटं बघायची. शेगावला गजानन महाराज पहिल्यांदा दिसले ते 23 फेब्रुवारी 1878 ला, बाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाताना. ही गोष्ट आपल्या जिल्ह्यात लहान मुलालाही माहीत आहे. आपण मात्र उष्टं ताट बघत नाही, सरळ बादलीत उलटं करतो. आता ताट घासणारी बाई सांगते, ‘आज भात सगळ्यांनी टाकला,’ ‘वरण कोणी संपवलं नाही.’ त्यातून कळतं की भात चिकट झाला होता आणि वरण पातळ.

वहीतल्या तक्रारींचे आम्ही तीन ढीग केले.

पहिला ढीग चवीचा. सगळ्यांत जास्त तक्रार ही की काल वेगळी चव होती, आज वेगळी. कारण आमचे हात सहा. घरी एकीचा हात असतो, अंदाज चालतो. खानावळीत अंदाज चालत नाही. आता मसाला महिन्यातून एकदाच कुटतो, तोही सगळा एकत्र. मीठ आणि तिखट यांना ठरलेला चमचा आहे आणि किती किलो भाजीला किती चमचे, ते भिंतीवर लिहून ठेवलंय. शेगावची कचोरी आठवा. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या शर्मा कुटुंबाने 1950 च्या सुमारास ती शेगावच्या रेल्वे स्टेशनावर विकायला सुरुवात केली. आज लोक दर्शनाला येतात आणि पिशवी भरून कचोरी नेतात, ते तीच चव पुन्हा मिळणार या भरवशावर.

तिखटाचं मात्र सगळ्यांचं ऐकता येत नाही. पुण्याकडची माणसं म्हणतात जाळ आहे, आपली माणसं म्हणतात तिखटच नाही. म्हणून रस्सा मध्यम करतो आणि तर्री वेगळ्या वाटीत देतो. ज्याला हवी त्याने घ्यावी. एकदा पाटीवर ‘बेसन-भाकर’ वाचून बाहेरगावची एक बाई विचारायला लागली, ‘नुसतं बेसन कसं खायचं?’ आता पाटीवर ‘बेसन म्हणजे पिठलं’ असं लिहिलंय. तेव्हापासून बाहेरची माणसंही ते मागवतात.

दुसरा ढीग वागण्याचा. उशीर फार होतो, ताट ओलं असतं, वाढणारी फोनवर बोलते, भाव आधी सांगत नाही, दुसऱ्यांदा भाजी मागितली तर तोंड वाकडं करता. या तक्रारींनी आम्हाला सगळ्यांत जास्त राग आला, कारण त्या खऱ्या होत्या. ताजी भाकर म्हणजे दहा मिनिटं थांबणं आलंच. पण बसल्याबरोबर ‘दहा मिनिटं लागतील’ म्हणून सांगितलं आणि कांदा, ठेचा, ताक पुढे ठेवलं, की माणूस चिडत नाही. न सांगता पाच मिनिटं लावली तरी चिडतो. भाव आणि किती वाढणार, हे पाटीवर हवं. सरकारने 26 जानेवारी 2020 ला 10 रुपयांची शिवभोजन थाळी सुरू केली, तेव्हा ठरवूनच दिलं होतं : 30 ग्रॅमच्या 2 चपात्या, 100 ग्रॅम भाजी, 100 ग्रॅम वरण, 150 ग्रॅम भात. थाळी लहान असो की मोठी, काय मिळणार हे आधी कळलं की भांडण होत नाही. आम्हीही लिहिलंय : 2 भाकरी, भाजी एकदा पुन्हा मिळेल, तिसऱ्या भाकरीचे वेगळे पैसे.

तिसरा ढीग लहान आहे, पण तो सगळ्यांच्या वर. केस निघाला, पाण्याला वास आला, भजी खाऊन जळजळ झाली, पोट बिघडलं. यात वाद घालायचा नाही. ते पातेलं त्याच घटकेला उतरवायचं, पैसे परत करायचे आणि कारण शोधायचं. भज्याच्या जळजळीचं कारण आम्हाला कढईतच सापडलं. कालचं तेल आज आणि आजचं उद्या वापरत होतो. वारंवार तापलेल्या तेलासाठी 1 जुलै 2018 पासून देशभर नियम लागू आहे, ठरलेल्या मर्यादेपेक्षा बिघडलेलं तेल वापरता येत नाही. आपल्याकडे मोजायचं यंत्र नसतं, पण तेल काळपट झालं, फेस धरायला लागलं, लवकर धुरायला लागलं की ते गेलं समजावं. आता तळण कमी करतो आणि कढईत तेल बेताचंच घालतो. पाण्याच्या माठाला झाकण आणि दांडीचं ओगराळं. भाजी आणि वरण वाढेपर्यंत गरम राहिलं पाहिजे. कोमट पातेलं तासन् तास ठेवलं की ते आंबतं आणि माणूस आजारी पडतो.

एक नियम आम्ही गटाच्या बैठकीत केला. तक्रार वाचताना कोणाचं नाव घ्यायचं नाही. ‘हिची भाजी खारट झाली’ असं म्हणायचं नाही, ‘मंगळवारची भाजी खारट झाली’ असं म्हणायचं. आपल्या बायकांना जेवणाला ठेवलेलं नाव अंगाला लागतं. आयुष्यभर ताट सरकवलेलं पाहिलंय आपण. म्हणून तक्रार आली की एक जण रडते, दुसरी भांडते, तिसरी गट सोडायला निघते. तसं होऊ नये म्हणून हा नियम. चूक पातेल्याची, बाईची नाही.

शेवटचं. आपणही कधी गिऱ्हाईक असतो. यात्रेत, एसटी स्टँडवर, दवाखान्यात नातेवाईक असताना बाहेर जेवतो. भाजी आंबलेली असली तरी गपचूप बाजूला सारून पैसे देऊन येतो. तसं करू नका. नीट शब्दांत तिथेच सांगा. पाण्याच्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मागितले तर विचारा. ऐकलं नाही तर 1915 हा ग्राहकांसाठीचा सरकारी फोन आहे. आणि जेवण चांगलं असलं तर तेही आत जाऊन सांगा. चुलीपुढे उभ्या असलेल्या बाईपर्यंत ते सहसा पोचत नाही.

काका आता रोज दोनला येतात. मावशी त्यांना बघूनच तवा ठेवतात. परवा ते म्हणाले, ‘ठेच्यात लसूण कमी पडला.’ वहीत लिहिलंय. कधी या रस्त्याने आलात तर थांबा, जेवा, आणि जाताना काय कमी पडलं ते सांगून जा.