हजेरीपटाबाहेरची मुले



जिथे आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे, जिथे दासोपंतांनी आपली पासोडी लिहिली, आणि निजामी अमलात सरकारी दप्तरात जिचे नाव मोमिनाबाद असे लिहिले जात असताना स्वामी रामानंद तीर्थांनी जिथल्या शाळेत अध्यापनाचे व्रत घेतले, त्या अंबाजोगाईच्या वतीने मी या परिषदेला दूरदूरच्या प्रांतांतून आलेल्या आपणां सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. यापुढे गावाची थोरवी सविस्तर सांगावी अशी प्रथा आहे. परंतु केज, धारूर, वडवणी या बाजूंनी आपल्यापैकी जे आले त्यांनी वाटेवरच्या वाड्यावस्त्यांतून दारांना लागलेली कुलपे आणि ओट्यांवर बसलेली म्हातारी माणसे पाहिलीच असतील, आणि ते दृश्य पाहून आलेल्यांसमोर मला थोरवीची भाषा सुचत नाही.

दिवाळी उलटली की टोळीच्या मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल अंगमेहनतीने फेडण्यासाठी या जिल्ह्यातील लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या ऊसपट्ट्यात ऊसतोडीला जातात, आणि ज्यांना मागे सांभाळणारे कोणी नाही अशी त्यांची मुले त्यांच्याबरोबर जातात. बालश्रम म्हटले की आपल्या मनश्चक्षूंपुढे शिवकाशीची काडेपेटी, फिरोजाबादची काचभट्टी किंवा काँगोतील कोबाल्टची खाण उभी राहते, आणि ते यथार्थच आहे. तथापि आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना आणि युनिसेफ यांच्या 2024 सालच्या संयुक्त अंदाजानुसार जगात जी सुमारे 13 कोटी 80 लक्ष मुले श्रमाला जुंपलेली आहेत आणि त्यांतील जी 5 कोटी 40 लक्ष मुले धोक्याची कामे करतात, त्या एकंदर संख्येपैकी तीन पंचमांशांहून अधिक शेतीच्या कामांत आहेत. उघड्या आभाळाखालचे काम आरोग्यदायक असते या आपल्या जुन्या समजुतीनेच या मुलांकडे आपले दुर्लक्ष झाले आहे, असे मला वाटते.

उसाच्या फडावरचे मूल काय करते? वाढे गोळा करते, पाचट ओढते, मोळ्या बांधू लागते, धाकट्या भावंडाला बांधाच्या सावलीला सांभाळते. आणि हाताला थोडे बळ आले की कोयता धरते. कोयता प्रौढाच्या मुठीसाठी घडविलेला असतो, त्यामुळे तो मुलाच्या हातातून निसटतो तेव्हा पायाच्या नडगीवर किंवा डाव्या हाताच्या बोटांवर उतरतो. उसाच्या पात्याची धार डोळ्याच्या बुबुळाला ओरखडा काढते, आणि मातीने माखलेल्या त्या जखमेत जंतूंचा प्रवेश झाला तर दृष्टी कायमची मंदावते. पाचटात साप असतो. गाडी भरण्याची वेळ कारखान्याच्या सोयीने ठरत असल्याने आईबाप मध्यरात्री उठून जातात, आणि पाचटानेच शाकारलेल्या कोपीत आठनऊ वर्षांची मुलगी चूल पेटवते. त्या एका ठिणगीची भीती ज्या आईला फडात उभे राहून वाहावी लागते तिच्या मनाची अवस्था मी आपणांस काय वर्णन करून सांगावी! वाढत्या हाडांच्या टोकांशी असलेली कूर्चा कोवळी असते, आणि तिला इजा झाली तर त्या हाडाची वाढ खुंटू शकते किंवा वाकडी होऊ शकते. शरीराच्या वजनाच्या मानाने मूल प्रौढापेक्षा अधिक श्वास घेते, अधिक पाणी पिते, त्यामुळे फवारणीच्या विषाचा वाटाही त्याच्याच पदरी अधिक पडतो. निकाराग्वा आणि एल साल्वादोर येथील ऊसतोडणाऱ्यांत विशीतिशीतल्या तरुणांची मूत्रपिंडे निकामी होण्याची जी साथ गेली काही दशके दिसून येत आहे, तिच्या कारणांचा शोध घेताना अभ्यासकांनी कडक उन्हातील अतिश्रम आणि शरीरातील पाण्याचा अभाव यांकडे प्रामुख्याने लक्ष वेधले आहे; आपल्याकडील मुले तेच ऊन किती कोवळ्या वयापासून अंगावर घेतात, याचा विचार येथे जमलेल्या वैद्यांनी अवश्य करावा.

परंतु मला ज्या गोष्टीकडे आपले विशेष लक्ष वेधावयाचे आहे ती निराळी आहे. ऊसतोडीची मजुरी टनावर मिळते आणि हिशेब नवराबायकोच्या जोडीचा असतो. मुलाने बांधलेली मोळी त्या टनात विरून जाते, आणि मुकादमाच्या वहीत त्या मुलाचे नाव कोठेही येत नाही. म्हणून ते जखमी झाले तरी तो कामावरचा अपघात ठरत नाही. कारखाना ठेकेदाराकडे, ठेकेदार मुकादमाकडे आणि मुकादम आईबापांकडे अंगुलिनिर्देश करतो. आणि त्या आईने मुलाला घेऊन तालुक्याचा दवाखाना गाठला, तर त्या दिवसाचा खाडा तिच्याच नावे पडतो. दवाखान्याच्या केसपेपरावर मात्र एवढेच लिहिले जाते की मुलाला धारदार वस्तू लागली. ज्या आपत्तीची नोंदच नाही तिच्या निवारणासाठी कोणत्या सरकारने तरतूद करावी?

कायदे नाहीत असे नव्हे. आपल्या संविधानाच्या 24व्या अनुच्छेदाने चौदा वर्षांखालील मुलाला कारखान्यात, खाणीत वा धोक्याच्या कामावर नेमण्यास मनाई केली; 1986 च्या बालश्रमविषयक अधिनियमात 2016 साली दुरुस्ती होऊन ती मनाई सर्व व्यवसायांना लागू झाली, मात्र शाळेच्या वेळेनंतर व सुटीत कुटुंबाला साहाय्य करण्याची सवलत तीत राहिली. हंगामाचे महिने हे शाळेच्या दुसऱ्या सत्राचेच महिने असल्याने फडावरच्या मुलाला ही सवलत लागू होण्याचे कारणच नाही, आणि तरीही व्यवहारात तिचाच आडोसा घेतला जातो. बालश्रमाच्या निकृष्ट प्रकारांविरुद्धचा 1999 सालचा 182 क्रमांकाचा आंतरराष्ट्रीय करार भारताने 2017 साली मान्य केला आहे, आणि त्याच्या सोबतच्या शिफारशीत अवजड ओझी वाहणे व रात्रीचे काम यांचा स्पष्ट उल्लेख आहे. गिरणीतल्या मुलांसाठी 1881 साली हिंदुस्थानात पहिला कायदा झाला, तेव्हा सात वर्षांखालील मुलालाच काय ते वगळले होते आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाने नऊ तास राबावे असे ठरले होते. त्या कायद्याचा अपुरेपणा कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी चव्हाट्यावर मांडला, सभा भरविल्या, अर्ज पाठविले, आणि 1891 साली किमान वय नऊ व कामाचे तास सात झाले. गिरणीला निदान चार भिंती आणि हजेरीपट होता. फडाला दोन्ही नाहीत, आणि म्हणून येथील काम अधिक बिकट आहे.

साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहे निघाली, संत भगवानबाबांच्या नावाची शासकीय वसतिगृह योजना आली, आणि वसतिगृहांमुळे जी मुले मागे राहू शकली त्यांच्याविषयी मला मनापासून आनंद वाटतो. परंतु जी फडावर गेलीच आहेत त्यांच्यासाठी या परिषदेने तीन मागण्या ठरावरूपाने कराव्यात अशी माझी नम्र सूचना आहे: ऊसपट्ट्यातील प्रत्येक दवाखान्याने जखमी मुलाच्या केसपेपरावर ते कोणत्या कामावर असताना जखमी झाले हे लिहावे, आणि प्रत्येक कारखान्याने आपल्या टोळ्यांबरोबर आलेल्या मुलांची वयासह यादी हंगामाच्या आरंभीच करून ती शाळेकडे व आरोग्यकेंद्राकडे द्यावी, तसेच मुलाला उपचारासाठी नेणाऱ्या आईचा खाडा धरू नये.

उद्या दुपारी आपणांस फडावर नेण्याची व्यवस्था केली आहे. तेथील मंडळी कामात असतील, तेव्हा छायाचित्रे न काढता त्यांच्याशी बोलावे अशी विनंती आहे. आता अध्यक्षमहाराजांनी आसनस्थ होऊन परिषदेच्या कामकाजास प्रारंभ करावा, अशी मी सर्वांच्या वतीने त्यांना प्रार्थना करतो.